निघतानाचा पेला

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. आधी माझं बूच काढा, म्हणजे मला बोलता येईल. हां, आता बरं वाटलं.

बाहेरून मी हिरव्या पत्र्याचा. माझ्या अंगावर दोन पाखरं रंगवलेली होती. एकाच्या जागी पोचा आला आणि ते गेलं. दुसरं अजून त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलं आहे. आतून मात्र मी काचेचा आहे, आणि त्या काचेला चांदीसारखं चकचकीत अस्तर आहे. म्हणजे पोटात आरसा असून मी जन्मात स्वतःचं तोंड पाहिलेलं नाही. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने तापलेल्या काचेत गाल फुगवून फुंकर घातली होती. त्याची ऊब मला अजून आठवते. आत घेतलेलं जपून ठेवावं आणि कुणी मागितलं की द्यावं, एवढीच विद्या आमच्या जातीला शिकवतात.

दुकानाच्या फळीवरून मला एका नव्या नवरीने उचललं. तिचा नवरा बसवर ड्रायव्हर लागला होता. डेपोत सगळे त्याला उस्ताद म्हणत, म्हणून मीही तेच नाव चालवतो. आणि तिला मी मालकीणबाई म्हणतो, कारण माझ्या बुचावर खरी सत्ता तिचीच.

मला विकत घ्यायचं कारण असं घडलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी उस्ताद घाईघाईत पाणी न पिताच निघाला. नेमकी त्या दिवशी बस उजाड रस्त्यावर बंद पडली. भर उन्हात माणूस संध्याकाळपर्यंत तहानलेला बसला. घरी आला तेव्हा ओठ फुटलेले होते. मालकीणबाईंनी काही आदळआपट केली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हे. त्या देवापुढे बसल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "या घरातून कुणी कोरड्या घशाने बाहेर पडणार नाही. हा माझा नेम."

दुसऱ्या दिवशी मी घरात आलो. पहाटे उठून आंघोळ करायची, देवाचं नाव घ्यायचं आणि घरातलं पहिलं काम म्हणून मला कोमट पाण्याने भरायचं. मग उंबऱ्याशी उभं राहून निघणाऱ्याला माझ्याच झाकणाचा पेला भरून द्यायचा. त्याला त्यांच्याकडे 'निघतानाचा पेला' म्हणत. त्यांना ताप आला तरी तो चुकला नाही. भांडण झालं तरी चुकला नाही. फक्त त्या दिवशी पेला देताना तोंड भिंतीकडे असे.

पेला रिकामा झाला की उस्ताद माझ्यावर नखाने दोनदा टकटक करायचा. बसमध्ये कंडक्टरची घंटा एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. टण, टण! आणि मी त्याच्या पिशवीत बसून कामाला निघायचो. इंजिनाच्या झाकणाशेजारी माझी जागा ठरलेली होती. काय दिवस होते ते, मित्रांनो! सगळा डेपो माझ्यातलं पाणी प्यायला. "उस्तादांचा थर्मास म्हणजे विहीर आहे," असं म्हणत. मी फुगायचो. पत्र्याचा असल्यामुळे दिसत नसे, एवढंच.

पण प्रत्येकाची ड्युटी कधीतरी संपते. उस्ताद निवृत्त झाला. घरात हलक्या, चकचकीत बाटल्या आल्या. माझं बूच कडेने झिजलं, कड्याला गंज चढला. लग्न होऊन जवळच राहायला गेलेली लेक आली की मला उचलून म्हणायची, "आई, आता या म्हाताऱ्याला रजा दे ना! किती गळतोय बघ."

"गळतंय ते बूच. तो नाही गळत," मालकीणबाई हळूच म्हणायच्या. "बूच बदलता येतं." आणि बुचाला स्वच्छ फडकं गुंडाळून मला पुन्हा बंद करायच्या. बाहेरची कामं सुटली, पण निघतानाचा पेला माझ्याकडेच राहिला. भाजी आणायला निघालं तरी पेला. कोपऱ्यावर दाढी करायला निघालं तरी पेला.

आता जे सांगणार आहे त्यात लघवीचा उल्लेख येईल. हसू नका. हसण्यामुळे आणि लाजण्यामुळेच पुष्कळ माणसं गप्प बसतात आणि दुखणं वाढवतात.

एके सकाळी उस्ताद न्हाणीघरातून बाहेर आला तो चेहरा पांढरा करून. दोन-तीनदा असं झालं. शेवटी मालकीणबाईंनीच विचारलं, "काय हो, पुन्हा पुन्हा पाणी का ओतताय तिथे?"

"काही नाही गं. जरा लाल झाली होती. बीट खाल्लं असेल."

"या घरात बीट कधी आणलंय मी?"

माणूस बस चालवण्यात कितीही तरबेज असो, खोटं बोलण्यात कच्चा होता. मालकीणबाईंनी पेला भरला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "प्या आणि चला."

दवाखान्यात दुर्बिणीची नळी घालून पाहिलं तेव्हा मूत्राशयात, म्हणजे लघवी साठते त्या पिशवीत, एक छोटी गाठ निघाली. नळीतूनच ती खरवडून काढली. ती कॅन्सरची होती. हा शब्द ऐकला तेव्हा मी मालकीणबाईंच्या मांडीवर होतो. त्यांचे हात माझ्यावर इतके घट्ट आवळले गेले की उरलेलं पाखरूही दबलं असतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं पोक्त. "वेळेवर आलात. गाठ पिशवीच्या आतल्या अस्तरातच होती, खाली स्नायूंत उतरलेली नाही. पण ही जात चिवट असते, पुन्हा उगवू शकते. म्हणून आता दर आठवड्याला औषध द्यायचं."

"सुया? केस जातील माझे?" उस्तादाने डोक्यावरून हात फिरवला.

"केस आहेत कुठे?" लेकीच्या तोंडून निघून गेलं, आणि एवढ्या धास्तीतही सगळे हसले.

"केसांना काही होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे औषध शिरेतून द्यायचं नाही. बारीक नळीने थेट पिशवीत सोडायचं, नळी काढून घ्यायची. तुम्ही ते आत धरून ठेवायचं, सांगू तोवर. मग लघवीवाटे सोडून द्यायचं. औषध अस्तराला नीट लागलं पाहिजे. सगळा खेळ धरून ठेवण्याचा आहे."

"आणि नाही लागलं तर?" उस्तादाने विचारलं.

"गाठी परत परत आल्या, खोल गेल्या, तर पिशवीच काढावी लागेल. पोटावर बाहेरून दुसरी पिशवी लावून माणसं चांगली जगतात, घाबरायचं कारण नाही. पण तुमची स्वतःची वाचवता आली तर मला ती वाचवायची आहे."

उस्तादाने टकलावरून पुन्हा हात फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे गाडी अजून भंगारात काढायची नाही."

"दुरुस्तीला घेतलीय. आणि सिगारेट आजपासून बंद. हा आजार व्हायला ती मोठं कारण असते."

डेपोतल्या त्या धुराची मलाही आठवण आली. मान खाली घालून उस्ताद "बरं" म्हणाला. "धरून ठेवण्याचं मात्र माझ्यावर सोडा. जन्म गेला त्यात. शेवटचा स्टॉप आल्याशिवाय आम्ही जागचे हललो नाही."

निघताना बजावून सांगितलं होतं: औषधाच्या दिवशी सकाळपासून पाणी नाही, चहा नाही. मालकीणबाईंनी ते अगदी मनावर घेतलं. त्या सकाळी चहाचं भांडं वरच्या फळीवर चढवलं, माठावर ताट झाकलं आणि त्यावर पाटा ठेवला. उस्तादाने गुळणी केली तरी बाहेरून आवाज, "गिळलं नाहीत ना?" असा पहारा ठेवला. मग दोघं निघाली. उंबऱ्याशी मालकीणबाईंनी मला उघडलं, पेला भरला आणि पुढे केला. उस्ताद तो प्यायला. टण, टण! दोघांपैकी एकाच्याही काही ध्यानात आलं नाही. श्वास घ्यावा तसा तो पेला त्यांच्या हाडामासांत मुरलेला होता.

औषधाच्या खोलीत मला पिशवीसकट स्टुलावर ठेवलं. एक पलंग, एक पडदा, भिंतीवर घड्याळ. तिथली सिस्टर धिप्पाड, आवाज खणखणीत.

"काका, सकाळपासून पाणी?"

"थेंब नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

औषध जांभळ्या शाईसारखं होतं. सिस्टरने हातमोजे घालून हलक्या हाताने नळी घातली, औषध सोडलं, नळी काढली. "आता थोडा वेळ पाठीवर. मग डाव्या कुशीवर, मग उजव्या, मग पालथं. औषध सगळीकडे फिरायला हवं. चला, वळा डावीकडे."

"इंडिकेटर न देता कसा वळू?"

सिस्टर एवढ्या मोठ्याने हसली की पडदा हलला. पण थोड्याच वेळात उस्तादाचं हसू मावळलं. त्याने मुठी आवळल्या, ओठ चावले, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. शेवटी घाईने उठला. ठरलेल्या वेळेच्या पुष्कळ आधी.

"होतं असं पहिल्या खेपेला," सिस्टर म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मालकीणबाईंनी मनाशी विचार केला, की गेल्या खेपेला माणूस अगदी गळून गेला होता. म्हणून त्यांनी निघताना एकाऐवजी दोन पेले दिले. किती मायेने दिले, ते मला ठाऊक आहे. पाणी ओतताना त्या देवाचं नाव घेत होत्या.

त्या दिवशी तो उजव्या कुशीपर्यंतही पोचला नाही. लघवीला जाऊन आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. उभ्या जन्मात बस एकदाही अधल्यामधल्या जागी न सोडलेला माणूस तो, त्याला आपल्याच शरीराने असं मध्येच उतरवलं होतं.

बाहेर डॉक्टरीणबाई मालकीणबाईंना हलक्या आवाजात म्हणाल्या, "औषध आत ठरलं नाही तर ते काम कसं करणार? अजून काही खेपा आहेत. पण असंच होत राहिलं, तर मला दुसरा विचार करावा लागेल."

दुसरा विचार म्हणजे काय, ते दोघींनाही माहीत होतं. मालकीणबाईंनी मान हलवली. घरी आल्यावर त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ देवापुढे बसल्या. काय मागितलं ते त्यांनाच माहीत. आपण बाकी सगळं सोडलं तरी चालेल, पण नेमात खंड पडू द्यायचा नाही, एवढं मात्र त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटलेलं मी ऐकलं.

तिसऱ्या खेपेला लेक गाडी घेऊन आली आणि खालूनच हॉर्न वाजवायला लागली. धावपळ झाली. कुलूप लावलं, जिना उतरलो, गाडीत बसलो. उस्ताद लेकीला शिकवायला लागला. "अगं, क्लच सोड हळू! बस असती तर मागचे प्रवासी पुढे आले असते." आणि अर्ध्या वाटेत मालकीणबाई दचकल्या. पेला राहिला होता!

गाडीत ओतलं तर सांडलं असतं. त्यांनी मला पोटाशी धरून ठेवलं. दवाखान्यात पोचल्यावर औषधाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या आणि घाईने माझं बूच काढलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नेम चुकला होता, आणि तोही अशा दिवशी. पेला काठोकाठ भरला.

"आधी हे घ्या. घाईत राहूनच गेलं."

उस्तादाने हात पुढे केला. तेवढ्यात दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली.

"अहो मावशी! हे काय? पाणी नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"पाणी नाही हो सिस्टर," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "निघतानाचा पेला आहे."

सिस्टर दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली. "मागच्या दोन्ही वेळी पण दिलात?"

"दिला की. मागच्या खेपेला तर दोन दिले."

आता ही बाई ओरडणार असं मला वाटलं. तिचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. पण ती मालकीणबाईंच्या शेजारी बसली. बाक करकरला. तिने आवाज एवढा खाली आणला की मलाही कान द्यावा लागला.

"मावशी, शाईत पाणी घातलं की ती फिकी होते ना? तसंच आहे हे. पोटात पाणी गेलं की लघवी तयार होत राहते. औषध पातळ होतं आणि पिशवी लवकर भरते. मग काकांना धरवत नाही. तेच एक कारण असेल असं नाही, औषधानेही जळजळ होते. पण एवढं तरी आपल्या हातात आहे."

उस्तादाचा पुढे आलेला हात सावकाश मागे गेला. तो पुटपुटला, "मला विचारलं तेव्हा मी थेंब नाही म्हणालो. आणि मनात शंकासुद्धा आली नाही."

मालकीणबाईंच्या हातात पेला तसाच होता. त्यातून ऊब येत होती. मित्रांनो, मी त्यांच्या इतका जवळ होतो की त्यांच्या मनगटाची नाडी मला लागत होती. एका बाजूला देवाला दिलेला शब्द होता. दुसऱ्या बाजूला हा टक्कल पडलेला, बीट खाल्लं म्हणणारा माणूस. त्यांनी बराच वेळ पेल्यात पाहिलं.

मग विचारलं, "औषध बाहेर पडल्यावर पाजलं तर?"

"तर पाजायलाच हवं," सिस्टर म्हणाली. "जेवढं पाजाल तेवढं चांगलं."

मालकीणबाईंनी डोळे मिटले. "देवा," त्या म्हणाल्या, "निघतानाचा पेला आता येताना देते. पाणी तेच, माणूसही तोच. चालवून घे."

आणि त्यांनी पेल्यातलं पाणी हळूहळू माझ्यात परत ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही. एकदा ओतलेलं पाणी माझ्याकडे परत आलं, ते आयुष्यात त्याच दिवशी. त्यांनी फडकं गुंडाळलेलं बूच घट्ट बसवलं, वर झाकण लावलं आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवून बसल्या. देणं मला येत होतं. न देता कुणाची सेवा करावी, हे मी त्या बाकावर शिकलो.

"जाऊ?" उस्तादाने विचारलं.

मालकीणबाईंनी मान हलवली. त्याने माझ्या बंद झाकणावर नखाने दोनदा वाजवलं आणि आत गेला.

आम्ही बाहेर बसून राहिलो. आतून सिस्टरचा आवाज येत होता, "काका, डावीकडे... आता उजवीकडे..." मध्येच उस्तादाचा आवाज आला, "सिस्टर, हा घाटरस्ता आहे का?" मालकीणबाईंच्या ओठांना हसू फुटलं, लगेच मिटलं. लेकीने आईचा हात धरला. मी पाणी कोमट ठेवायची शिकस्त करत होतो. बाकी माझ्या हातात होतंच काय?

शेवटी दार उघडलं. उस्ताद भिंतीला हात लावत बाहेर आला. कपाळावर घाम, चालणं सावकाश, जळजळ होत असावी. पण चेहऱ्यावर ती जुनी ऐट होती, गाडी वेळेवर पोचवल्यावरची.

"शेवटच्या स्टॉपपर्यंत," तो म्हणाला. "सिस्टरला विचारा."

"पूर्ण वेळ!" आतून खणखणीत आवाज आला. "आता पाणी द्या त्यांना!"

मग मी उघडलो. एक पेला, दुसरा, आणखी एक. माझ्या तळातलं पाणी संपेपर्यंत तो प्यायला. मालकीणबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्यामुळे दोन खेपा वाया गेल्या हो."

"अगं, तू पाजलंस, पण प्यायला कोण? थर्मास प्यायला का?"

"काहीतरीच तुमचं!"

त्यानंतरच्या सगळ्या खेपा अशाच गेल्या. निघताना मी बंद, येताना मी रिकामा. डॉक्टरीणबाईंनी नंतर एक खेप वाढवली आणि सांगितलं, काही महिन्यांनी नळी घालून पुन्हा पाहू, तेव्हा कळेल.

ते महिने घरात कुणी फारसं मोठ्याने बोललं नाही. लेकीने मात्र एक दिवस पिशवीतून काहीतरी काढून आईपुढे ठेवलं. ते माझ्या मापाचं नवं बूच होतं. "याला रजा नको," एवढंच ती म्हणाली. फडकं निघालं, नवं बूच बसलं. ते इतकं घट्ट होतं की मला क्षणभर पुन्हा दुकानाच्या फळीवर असल्यासारखं वाटलं.

तपासणीच्या दिवशी आम्ही त्याच बाकावर बसलो होतो. उस्ताद बाहेर आला. मागे डॉक्टरीणबाई होत्या, पण त्याने त्यांना बोलू दिलं नाही. तो सरळ माझ्याकडे आला, वाकला आणि झाकणावर नखाने वाजवलं.

एकदाच. टण.

एक घंटा म्हणजे थांबणं, हे मालकीणबाईंना सांगावं लागत नाही. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"अस्तर स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "पिशवी जागच्या जागी राहील. मात्र तपासणीला येत राहायचं हं काका, कंटाळा करायचा नाही. ही गाठ लबाड असते."

"येणार. ड्युटी चुकवायची सवय नाही मला."

मित्रांनो, माझं सांगणं फार नाही. अंगात काही वेगळं दिसलं, लाल दिसलं, तर बीट खाल्लं म्हणून लपवू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा. घरातलं एखादं माणूस असं लपवत असेल, तर त्याला मायेने विचारा. कुणाची सेवा करताना त्याला या घडीला काय हवंय आणि काय नको, तेही विचारून घ्या. फक्त आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून पेला पुढे करू नका. आणि जुनं झालं म्हणून लगेच टाकून देऊ नका. आधी बघा, नुसतं बूच तर बदलायचं नाही ना.

आता माझं बूच लावा. उस्ताद आज पुन्हा तपासणीला आत गेला आहे. मघाशीच झाकणावर दोनदा वाजवून गेला. मालकीणबाई मला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या आहेत, आणि तो बाहेर येईपर्यंत मला पाणी कोमट ठेवायचं आहे.